परत केलेली भेट

कीर्तनाला बसलेल्या माणसाला रामाला वनवास घडणार हे पहिल्यापासून ठाऊक असते. तरीही कैकेयी कोपगृहात शिरली की त्याचा जीव खालीवर होतो. ‘बाई गं, या वेळी तरी त्या मंथरेचे ऐकू नकोस,’ असे त्याला मनातल्या मनात वाटत राहते. शेवट ठाऊक असल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट ‘पुढे काय’ ही उत्सुकता एकदा मिटली, की ‘हे असे का झाले’ या प्रश्नाकडे पाहायला मन मोकळे होते.

हा अनुभव मला उतारवयात पुन्हा आला तो, सांगायला थोडा संकोच वाटतो, एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेमुळे. मालिकेचे नाव ‘स्मॉलव्हिल’. सुपरमॅनच्या कुमारवयाची ही कथा. ऑक्टोबर 2001 मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली आणि मे 2011 मध्ये संपली. दहा हंगाम, दोनशेहून अधिक भाग. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर असल्या मालिकेपुढे तासन्‌तास बसावे, हा आमच्या घरात थट्टेचा विषय झाला. मुलाने डीव्हीडींचा संच आणला होता. ‘बाबा, यात माणूस उडत नाही. बघा तर खरे,’ एवढेच तो म्हणाला. मी बसलो क्लार्क केंटसाठी. खिळून राहिलो लेक्स ल्यूथरसाठी.

क्लार्क केंट पुढे सुपरमॅन होणार आणि लेक्स ल्यूथर त्याचा सर्वांत मोठा वैरी होणार, हे जगातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मालिका सुरू होते तेव्हा मात्र हे दोघे जिवाभावाचे मित्र आहेत. एकाचे वय पंधराच्या आसपास, दुसऱ्याचे विशीच्या थोडे पुढे. ही मैत्री तुटणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. नियती, नियती म्हणतात ती नेमकी कुठून घरात शिरते, हे पाहायला याहून चांगली जागा कुठली?

टकलाचे कारण

सुपरमॅन जन्माला आला 1938 साली, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी त्याला घडवले. दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. ल्यूथर आला दोन वर्षांनी, 1940 मध्ये. त्या पहिल्या ल्यूथरच्या डोक्यावर चांगले तांबडे केस होते आणि त्याच्या दुष्टपणाला काही कारण नव्हते. त्याला जग जिंकायचे होते, बस्स! खलनायकाला कारण लागत नाही असे मानणारा तो काळ होता.

कारण देण्याचा ठळक प्रयत्न झाला 1960 साली, सीगलनेच लिहिलेल्या एका कथेत. तीत तरुण ल्यूथर हा सुपरबॉयचा चाहता आणि मित्र असतो. त्याच्या प्रयोगशाळेला आग लागते, सुपरबॉय जोरदार फुंकर मारून ती विझवतो. पण त्या भरात रसायने सांडतात, त्यांच्या वाफेने ल्यूथरचे केस कायमचे जातात आणि त्याचा मोलाचा प्रयोग नष्ट होतो. सुपरबॉयने हे मत्सरापोटी मुद्दाम केले, अशी त्याची खात्री होते आणि वैर सुरू होते. केस गेले म्हणून माणूस जगाचा वैरी झाला, हे वाचून आजचा वाचक हसेल. पण थोडे थांबून पाहिले तर त्या भाबड्या कथेतही एक खरी नस सापडते. दुखावले आहे ते डोके नव्हे. ‘माझ्या मित्राने माझ्याशी कपट केले’ हा संशय डोक्याहून खोल गेलेला आहे.

‘स्मॉलव्हिल’चे कर्ते आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी हीच नस धरली. त्यांनी स्वतःवर दोन बंधने घालून घेतली होती: नायक उडणार नाही आणि तो प्रसिद्ध पोशाख घालणार नाही. ही बंधने वरवर पाहता गमतीची आहेत. पण पोशाख काढून घेतला की पात्रापाशी उरते ते मन. मग लेखकाला मनाकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

केसांचे कारणही त्यांनी बदलले. 1989 मध्ये कॅन्सस राज्यातल्या स्मॉलव्हिल या लहानशा गावावर उल्कांचा वर्षाव होतो. त्या वर्षावातच परग्रहावरच्या एका बाळाचे यान जमिनीवर उतरते आणि ते मूल केंट नावाच्या शेतकरी दाम्पत्याला सापडते. त्याच वेळी मक्याच्या शेतात उभा असलेला नऊ वर्षांचा लेक्स त्या तडाख्यात सापडतो आणि त्याचे केस कायमचे जातात. तीन वर्षांच्या लॅना नावाच्या मुलीचे आईवडील तिच्या डोळ्यांदेखत मरतात. ज्या क्षणी नायक गावात आला, त्याच क्षणी गावावर संकट आले. आपल्याकडे याला पायगुण म्हणतात. त्या तान्ह्या बाळाचा यात कणभरही दोष नाही. तरीही मोठेपणी क्लार्क जे जे करतो त्याच्या मुळाशी हे न फिटणारे ऋण आहे. त्याच्या चांगुलपणाला मालिकेने दिलेले हे कारण मला फार मोलाचे वाटते. तो केवळ बलवान आहे म्हणून गावाला वाचवीत नाही. आपल्या येण्याची किंमत गावाने मोजली, ही बोच त्याला गप्प बसू देत नाही.

पुलावर

बारा वर्षांनी लेक्स गावात परत येतो. त्याचा बाप लायोनेल ल्यूथर हा बलाढ्य उद्योगपती. मुलाला वठणीवर आणण्यासाठी त्याने त्याला इथल्या खताच्या कारखान्यावर धाडले आहे. भरधाव गाडी, लक्ष फोनकडे, रस्त्यावर पडलेल्या तारेच्या भेंडोळ्यावरून चाक जाते आणि गाडी पुलावर उभ्या असलेल्या क्लार्कला उडवून कठडा तोडून नदीत कोसळते. क्लार्क पाण्याखाली गाडीचे छत फाडतो, लेक्सला काठावर आणतो, त्याच्या तोंडात श्वास फुंकतो. लेक्स डोळे उघडतो तो याच मुलाचे तोंड पाहत.

आता लेक्सची बाजू पाहा. गाडी या मुलाला लागली हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मुलगा म्हणतो, लागली असती तर मी जिवंत असतो का? लेक्सला प्राण मिळाला तो मित्राकडून, आणि त्याच क्षणी त्याच मित्राकडून त्याला पहिले असत्यही मिळाले. पुढची सात वर्षे या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींशी झुंजत राहतात. याच पहिल्या भागात गावातली दांडगट मुले क्लार्कला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखे टांगून जातात, तेव्हा त्याची सुटका करतो तोही लेक्सच. पहिल्याच दिवसांत फिटंफाट झालेली आहे.

यानंतरचा एक प्रसंग अगदी छोटा आहे. पण माझ्या मते सगळ्या मालिकेची किल्ली तिथे आहे. जीव वाचवल्याबद्दल लेक्स क्लार्कला एक कोरी मालवाहू गाडी भेट पाठवतो. पोर हरखून जाते. बाप जोनाथन केंट मात्र सांगतो, ही परत करायची. ल्यूथर घराण्याने आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी कशा बळकावल्या हे त्याने पाहिलेले आहे. हा पैसा कुठून आला ते मुलाला कळले पाहिजे, हा त्याचा आग्रह. जोनाथन हा सच्चा, कष्टाळू, तत्त्वाचा माणूस. जॉन श्नायडरने तो इतका सरळ उभा केला आहे, की आपण त्याच्याच बाजूचे होतो. गाडी परत जाते.

मीही असाच एक तत्त्वाचा माणूस होतो. आमच्या गावात मटक्याचा अड्डा चालवणाऱ्या एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता. आठवीला गणितात नापास होण्याच्या बेतात असलेल्या त्या पोराला मी महिनाभर शाळा सुटल्यावर बसवून शिकवले आणि तो पास झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक पेन आणून दिले, सोनेरी टोपणाचे ‘हीरो’ पेन. त्या काळी त्याची फार अपूर्वाई होती. मी ते घेतले नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पाच-सहा मुले भोवती उभी असताना मी म्हणालो, ‘हे पैसे कुठून आले ते मला माहीत आहे.’ पोरगा काही बोलला नाही. त्याने पेन खिशात ठेवले. पुढच्या वर्षी नववीतून त्याची शाळा सुटली. मी शिक्षकांच्या खोलीत म्हटल्याचे आठवते, ‘मी म्हणत नव्हतो? हा त्याच वळणाचा!’

जोनाथन केंट दारात उभा राहून लेक्सकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर पडद्यावर दिसली आणि मला ती ओळखीची वाटली.

दोन भाकिते

भविष्य सांगण्याचा प्रसंग पहिल्याच हंगामात येतो. वृद्धाश्रमात कॅसँड्रा नावाची एक आंधळी वृद्धा आहे. माणसाचा हात हातात घेतला की तिला त्याचे पुढचे दिसते. क्लार्कने तिचा हात धरला तेव्हा दिसते एक स्मशान. आईबाप, मित्रमैत्रिणी, सगळ्यांची नावे दगडांवर कोरलेली आणि तो एकटा मागे उरलेला. पोरगा हादरतो. वृद्धा त्याला धीर देते; लोकांचे भय दूर करणे हे तुझे काम असेल, असे समजावते.

लेक्सही तिच्याकडे जातो. पुलावरच्या प्रश्नाने त्याची पाठ सोडलेली नाही. तो आपला हात पुढे करतो. आपल्याला दिसते ते असे: अमेरिकेच्या अध्यक्षाचे कार्यालय, पांढऱ्या सुटातला लेक्स, मग फुलांचे शेत, ती फुले मरून त्यांच्या जागी हाडे, आणि वरून रक्ताचा पाऊस. त्या दृश्याचा धसका घेऊन ती वृद्धा जागीच प्राण सोडते. तोंडातून एक शब्द निघण्याआधी! आपले भविष्य काय हे लेक्सला कुणी सांगत नाही. त्याच्या वाट्याला येते ती आपला हात हातात घेऊन मेलेली एक म्हातारी.

इथे कुणी म्हणेल, झाले तर! एकाचे नशीब पुण्याचे, दुसऱ्याचे पापाचे. पण मालिका इतकी सोपी नाही. 2003 मध्ये दाखवलेल्या एका भागात क्लार्कला आपल्या जन्माचे रहस्य कळते. ते सांगणाऱ्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत आहे ख्रिस्तोफर रीव्ह. 1978 च्या चित्रपटात सुपरमॅन झालेला हा नट 1995 मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा पडला होता. चाकांच्या खुर्चीतला जुना सुपरमॅन नव्याला त्याचे नाव सांगतो, हा प्रसंग पाहताना कथा कुठे संपते आणि आयुष्य कुठे सुरू होते ते कळत नाही. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, रीव्ह गेला.

पण त्या भागात पुढे काय घडते? क्लार्क आपल्या यानावरची जन्मदात्याची अक्षरे वाचतो. संदेशाचा मथितार्थ असा, की इथली माणसे दुबळी आहेत, तू त्यांच्यावर बळाने राज्य कर. म्हणजे सुपरमॅनच्या कुंडलीतही जुलूमच लिहिलेला आहे! दोघांच्याही वाट्याला आलेले भाकीत वाईटच आहे. मग दोघांच्या वाटा फुटल्या कशा?

त्या रात्री क्लार्क घरी जातो आणि हे सगळे आईवडिलांना सांगतो. मी जगाला जिंकायला आलो आहे का, हा प्रश्न तो ज्यांना विचारू शकतो अशी दोन माणसे त्याच्या घरात आहेत. आणि ती त्याला ठामपणे सांगतात, तू काय होणार हे तू ठरवशील, तो दगडी आवाज नव्हे. लेक्सच्या घरात असे कुणी नाही. आई लहानपणीच गेलेली. बाप असा, की मुलाने मन मोकळे केले तर तेच त्याच्याविरुद्ध वापरील. मालिका नियतीचे नाव तोंडी लावते. पण दाखवते ते इतकेच, की वाईट भाकीत ज्याला कुणापाशी बोलून टाकता येते तो त्यातून सुटतो आणि ज्याला एकट्याने उराशी धरून बसावे लागते तो त्यात बुडतो.

नमान कोण, सगीथ कोण?

गावाजवळच्या गुहांत मालिकेने कल्पिलेल्या कवाची नावाच्या आदिवासींची चित्रे आहेत. त्यांची दंतकथा अशी, की आगीच्या पावसातून नमान नावाचा महाबली येईल आणि सगीथ नावाचा एक जण आधी त्याला भावासारखा असेल, मग वैरी होईल. आपण लगेच हिशेब मांडतो: नमान म्हणजे क्लार्क, सगीथ म्हणजे लेक्स. पण लेक्स म्हणतो, एवढी अफाट शक्ती असलेल्या नमानाला कोणी तरी आवरायलाच हवे. मग सगीथच खरा वीर नव्हे काय? या युक्तिवादाला सहज उत्तर सापडत नाही. पुढे एका सुऱ्याची कसोटी येते. खऱ्या नमानाचा हात लागला की तो सुरा धुळीला मिळायचा. सुरा धुळीला मिळतो खरा, पण त्या क्षणी त्यावर दोघांचेही हात असतात! लेखकांनी हा पेच मुद्दाम सोडवला नाही, हे मला फार आवडले.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. 1967 साली शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आले आणि घरोघर कर्णासाठी डोळे ओले झाले. त्याच साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले. त्यांनी त्याच कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिले आणि त्याच्या वागण्याचा जाब त्यालाच विचारला. एक पुस्तक म्हणते, त्याच्यावर काय काय गुदरले ते पाहा. दुसरे म्हणते, त्याने काय केले तेही पाहा. लेक्स ल्यूथरकडे पाहताना ही दोन्ही पुस्तके मांडीवर उघडी ठेवावी लागतात.

सुखाच्या स्वप्नातून

त्याच्यावर काय गुदरले? 2004 मधल्या एका भागात त्याची हरवलेली आठवण जागी होते. त्याचा तान्हा भाऊ ज्युलियन पाळण्यात मेला होता आणि लेक्सनेच त्याला मारले असे बाप आयुष्यभर मानत आला. खरे असे, की मन ढळलेल्या आईच्या हातून ते घडले होते. आईला बापाच्या रागापासून वाचवण्यासाठी त्या लहानग्याने आळ स्वतःवर घेतला. म्हणजे या भावी राक्षसाचे पहिले मोठे असत्य हे प्रेमाचे असत्य आहे. बापाने त्याच्यावर खुन्याचा शिक्का मारला तो त्याने केलेल्या सर्वांत उदात्त गोष्टीबद्दल! मायकेल रोझेनबॉमच्या लेक्सला आणि जॉन ग्लोव्हरच्या लायोनेलला समोरासमोर पाहिले, की असे घर किती थंड असेल याची कल्पना येते.

आणि त्याने काय केले? डिसेंबर 2005 मध्ये दाखवलेला नाताळचा भाग याचे उत्तर देतो. लेक्स तेव्हा राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवतो आहे, तीही जोनाथन केंटविरुद्ध. त्याच्यावर गोळी झाडली जाते आणि बेशुद्धीत त्याला सात वर्षांनंतरचे एक आयुष्य दिसते. त्यात त्याने बापाची दौलत सोडली आहे. साधे घर, लॅना बायको, एक मुलगा, दुसरे मूल होऊ घातलेले. क्लार्क अजून मित्र आहे. आणि भर सभेत जोनाथन केंट त्याच्या चांगुलपणाचा सत्कार करतो. ज्याने त्याची गाडी परत पाठवली होती, त्याच माणसाच्या तोंडून शाबासकी! लेक्सच्या सुखाच्या स्वप्नात ही गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही.

मग बाळंतपणात लॅना मरते. तिला वाचवायला लागणारा पैसा आणि वशिला आता त्याच्याकडे नाही. तो बापापुढे हात पसरतो. बाप नाही म्हणतो. लेक्स शुद्धीवर येतो आणि या स्वप्नाचा एकच अर्थ घेतो: प्रेमाची माणसे टिकवायची तर आधी पैसा आणि सत्ता हवी. निवडणुकीत जोनाथनविरुद्ध जे घाणेरडे डाव टाकायला त्याचे मन कचरत होते, ते टाकण्याचा हुकूम तो देतो.

हे स्वप्न वाईट नव्हते. त्यात सुखही होते आणि दुःखही, जसे ते कोणत्याही संसारात असते. सात वर्षे तो सुखी होता, हाही त्या स्वप्नाचा अर्थ होऊ शकला असता. त्याने तो घेतला नाही. भाकितातून माणूस तेवढेच उचलतो, ज्याची भीती किंवा ओढ त्याच्या मनात आधीच घर करून बसलेली असते. ‘नशिबात होते’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ‘मनात होते’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

उलटे फिरवलेले दान

क्लार्कच्या बाजूला सगळेच उजळ आहे असे नाही. त्याच्या घरात सत्य बोलता येते. पण त्या घराचा उंबरा ओलांडून सत्य लेक्सपर्यंत कधी जात नाही. सावधगिरी म्हणून, मित्राच्या भल्यासाठी म्हणून, तो वर्षानुवर्षे खोटे बोलतो. लेक्स चोरून शोध घेत राहतो. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस, 2004 मध्ये, लेक्सच्या वाड्यातली ती गुप्त खोली क्लार्कच्या दृष्टीस पडते. पुलावरची ती चेपलेली गाडी आणि क्लार्कविषयी जमवलेला एकेक पुरावा तिथे मांडून ठेवलेला आहे. क्लार्क मैत्री तोडतो. दोघेही म्हणतात, तू मला फसवलेस. आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे.

नियतीशी थेट झगडा होतो तो शंभराव्या भागात, जानेवारी 2006 मध्ये. क्लार्क धीर करून आपले रहस्य लॅनाला सांगतो, तिला मागणी घालतो, ती होकार देते. त्याच रात्री अपघातात ती मरते. क्लार्क आपल्या परग्रहावरच्या पित्याकडे जाऊन तो दिवस पुन्हा मागून घेतो. दिवस मिळतो, पण ताकीदही मिळते, की एक जीव वाचला तर त्याच्या बदल्यात दुसरा जाईल. या वेळी तो लॅनाला काही सांगत नाही. ती वाचते. आणि निवडणूक जिंकलेला जोनाथन केंट आपल्याच अंगणात हृदयविकाराने कोसळतो.

वरवर पाहता हा यमाशी केलेला सौदा आहे. परंतु जोनाथनचे हृदय दुबळे का झाले होते? अडीच वर्षांपूर्वी भरकटून शहरात पळून गेलेल्या क्लार्कला घरी आणण्यासाठी त्याने आपल्या शरीराला न पेलणारी शक्ती उसनी घेतली होती. म्हणजे बाप मेला तो नियतीच्या हिशेबाने नव्हे. मुलावरच्या मायेची किंमत त्याने आधीच भरून ठेवली होती. या मालिकेत आकाशातून आलेल्या प्रत्येक घटनेखाली उकरून पाहिले, की माणसाने केलेली एखादी गोष्ट सापडते.

पुसलेली पाटी

दोष सांगितले नाहीत तर हा लेख म्हणजे भाटगिरी होईल. दर आठवड्याला उल्केच्या दगडाने बिघडलेला एक नवा विकृत प्राणी, त्याला क्लार्कचा तडाखा, हा ठरीव साचा पहिल्या हंगामांत कंटाळा आणतो. क्लार्क आणि लॅना यांचे रुसवेफुगवे तर संपता संपत नाहीत. 2008 मध्ये सातव्या हंगामात लेक्स आपल्या बापाला उंच इमारतीच्या खिडकीतून ढकलून देतो. त्याच हंगामाच्या अखेरीस बर्फातल्या महालात क्लार्कचे रहस्य त्याला उमगते. मग रोझेनबॉमने मालिका सोडली आणि पुढची तीन वर्षे ती नायकाला वैरी शोधत फिरली.

शेवटच्या भागासाठी तो परत आला. लेक्स आता वैर हे वाटून दिलेल्या भूमिकेसारखे स्वीकारून बसलेला आहे. मग त्याची सावत्र बहीण टेस, जिला त्याने स्वतः प्राणघातक जखमी केले आहे, मरता मरता त्याला एक विष लावते. त्याने त्याची सगळी स्मृती पुसली जाते. पूल, मैत्री, रहस्य, आई, सगळे गेले. क्लार्क अखेर पोशाख हाती घेऊन आकाशात झेपावतो. सात वर्षांनंतर बातमी येते, की लेक्स ल्यूथर अमेरिकेचा अध्यक्ष निवडून आला. त्या आंधळ्या म्हातारीला दिसलेले खरे ठरले.

इथे माझे लेखकांशी भांडण आहे. मूळ कॉमिक्समध्ये ल्यूथरला क्लार्कचे गुपित ठाऊक नसते, म्हणून त्यांना ही पाटी पुसावी लागली असेल. पण दहा वर्षे त्यांनी आम्हाला दाखवले की माणूस कारणांनी घडतो. आणि शेवटी सगळी कारणे पुसून टाकून त्याला ठरल्या जागी नेऊन बसवले. मग कारणांना अर्थ काय राहिला? पुष्कळ दिवस मी यावर चडफडत होतो. आता वाटते, लेक्स विसरला तरी आपण विसरलेलो नाही. परत पाठवलेली गाडी आपल्याला आठवते. वैऱ्यालाही जे माहीत नाही ते त्याच्याविषयी ठाऊक असणे, हे प्रेक्षकाचे ओझे आहे आणि तेच बहुधा या मालिकेचे देणे आहे.

जोनाथनने गाडी ठेवून घेतली असती तर लेक्स सुधारला असता का? असे म्हणणे खुळेपणाचे होईल. एका भेटीवर कुणाचे आयुष्य अडत नाही. गाडी नाकारण्याचा त्याला पूर्ण अधिकारही होता. पण भेट नाकारताना आपण देणाऱ्यालाच नाकारतो आहोत का, एवढे पाहायला हवे होते. बापाच्या नावाने मुलाला ओळखायचे नाही, हे जोनाथनने आपल्या दत्तक मुलाबाबत जन्मभर पाळले. दारात आलेल्या दुसऱ्याच्या मुलाबाबत त्याला ते जमले नाही.

काही वर्षांपूर्वी महामार्गावर आमच्या गाडीचे चाक बसले. जवळच टायरचे दुकान होते. पन्नाशीकडे झुकलेला मालक हात पुसत बाहेर आला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही?’ मी ओळखायला क्षणभर उशीर केला. पंक्चर काढून झाले. मी पाकीट काढले. तो म्हणाला, ‘तुमच्याकडून कसले घ्यायचे, सर?’ जुन्या सवयीने माझा हात नोटेपाशी गेलाच होता. मनात पहिले वाक्य तेच आले होते, फुकटचे घ्यायचे नाही. त्याला ते पेन आठवत होते की नाही, मला माहीत नाही. त्याने विषय काढला नाही आणि विचारायचे धैर्य मला झाले नाही.

मी पाकीट खिशात ठेवले. ‘बरं,’ म्हणालो. मग त्याने चहा मागवला, आणि मी तोही घेतला.